पावती कुणाच्या नावे फाडायची?

(कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रश्नावर काम करणाऱ्या गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला सांगितलं गेलं की सायकल फेरीचं अनुभवकथन करा. अनुभवकथन म्हटलं की आपण सगळ्याच जरा गोड गोड बोलायला लागतो. पहाटेची थंडी, कात्रजचा घाट, नायगावात झालेलं स्वागत, डोळ्यांत आलेलं पाणी. ते सगळं झालं आणि छान झालं. पण इथे बसलेल्यांपैकी चार-पाच गटांना येत्या वर्षात अशी फेरी काढायची आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांना आमच्या थंडीचा काही उपयोग नाही. तेव्हा मी पैशाबद्दल बोलणार आहे. आपल्याकडे पैशाबद्दल बोलायची पद्धत नाही, म्हणून जरा जास्तच बोलणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमचं सल्ला केंद्र पुण्यातल्या एका वस्तीत आहे. दोन वर्षं आम्ही गंज पेठेतल्या फुले वाड्यापासून सातारा जिल्ह्यातल्या नायगावपर्यंत, म्हणजे सावित्रीबाईंच्या माहेरापर्यंत, सायकल फेरी काढतो. ३ जानेवारीला त्यांच्या जयंतीला काढत नाही, त्यानंतरच्या रविवारी काढतो. जयंतीला नायगावात पुढाऱ्यांच्या गाड्यांची एवढी गर्दी असते की सायकलला वाट मिळणं कठीण. स्वारगेट, कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, नीरा ओलांडली की शिरवळ, आणि तिथून आत नायगाव. जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. फेरीत येणारी प्रत्येकजण आधी महिनाभर आपल्या ओळखीपाळखीत फिरून ‘मी एवढे किलोमीटर सायकल चालवणार, तुम्ही किलोमीटरमागे किती द्याल?’ असं विचारते. कुणी दोन रुपये म्हणतं, कुणी वीस. ती तो आकडा फॉर्मवर लिहून घेते आणि फेरी झाली की गोळा करून आणते. परदेशात याला चॅरिटी राइड म्हणतात. आम्ही नुसतं फेरी म्हणतो.

पहिल्या वर्षी आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीने बैठकीत सरळ विचारलं, ‘सायकल चालवल्याने मारहाण थांबते का?’ या बाई १९८२ सालच्या. त्या वर्षी पुण्यात मंजुश्री सारडाचा मृत्यू झाला, मोर्चे निघाले, ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन गावोगाव फिरलं. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याला निर्दोष सोडलं, तोही धक्का त्यांनी पचवलेला. त्यांचं म्हणणं असं की, ‘आम्ही रस्त्यावर उतरलो ते न्याय मागायला. तुम्ही रस्त्यावर उतरताय ते देणगी मागायला. यात फरक आहे की नाही?’

फरक आहे. तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सायकलीने मारहाण थांबत नाही. मारहाण होणाऱ्या बाईच्या मागे कुणीतरी महिनोन्‌महिने उभं राहावं लागतं, आणि त्या उभं राहणाऱ्या बाईला महिन्याच्या महिन्याला मानधन द्यावं लागतं. सायकल येते ती इथे.

लोक विचारतात, ‘तुमच्या कामाला पैसा कशाला लागतो? तुम्ही तर नुसतं बोलता ना?’ बोलायलाच लागतो. रात्री अकराला एखादी मुलाला कडेवर घेऊन आली तर रिक्षाचे पैसे आपण देतो. ससूनला नेऊन जखमांची नोंद करून घ्यायची, पोलीस चौकीत तिच्या शेजारी बसून राहायचं, अर्जाच्या आणि कागदांच्या झेरॉक्स काढायच्या. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ सालचा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यात स्पष्ट लिहिलंय की अर्जावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत द्यावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. इथे कुणी आहे का, जिच्याकडच्या बाईचा अर्ज साठ दिवसांत निघाला? हात वर करा. बघा, मीही करत नाहीये. प्रत्येक तारखेला घरकाम करणाऱ्या बाईचा खाडा होतो, खाड्याचे पैसे कापले जातात. चार तारखांनंतर ती म्हणते, ‘ताई, जाऊ द्या ना.’ त्या चार खाड्यांचे पैसे आपण देऊ शकलो तर ती पाचव्या तारखेला येते. हा इतका साधा हिशेब आहे, आणि याला पैसे द्यायला कुणी तयार नसतं.

शिलाई मशीन द्यायला मात्र सगळे तयार असतात. आमच्याकडे एका वर्षात सात आली. केंद्रात बसायला जागा उरली नव्हती.

पूर्वी आमच्यासारख्या लहान गटांना मोठ्या संस्थांकडून थोडे पैसे मिळत. त्यांना परदेशातून निधी येई, त्यातला काही भाग त्या आपल्याला देत. २०२० साली परकीय देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने असा पैसा दुसरीला देणं बंद झालं. शिवाय प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. आपल्या कामात समुपदेशिकेचं मानधन हाच मोठा खर्च, आणि तो कुठल्या रकान्यात धरायचा यावरून मोठ्या संस्थासुद्धा घाबरल्या. हे सगळं झालं करोनाच्या वर्षात, जेव्हा बायका मारणाऱ्यासोबत एका खोलीत कोंडल्या गेल्या होत्या.

मग सगळे म्हणाले, कंपन्यांकडे जा. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्च करावे लागतात. गेलो. एका कंपनीत एका तरुण अधिकाऱ्याने आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तुमचं सक्सेस किती? म्हणजे किती संसार जोडले?’ मी म्हटलं, एक बाई नवऱ्याकडे परत गेली आणि एक कायमची बाहेर पडली, तर यातलं यश कुठलं? तो प्रामाणिक मुलगा होता, गोंधळला. म्हणाला, ‘मॅडम, फॉर्ममध्ये एकच रकाना आहे.’ त्या रकान्यात ‘संसार जोडले’ हा आकडा भरायला लागलो की समोर बसलेल्या बाईला आपण नकळत कुठे ढकलायला लागू, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून फेरीचा पैसा आम्हाला मोलाचा वाटतो. रक्कम मोठी नसते, पण पैसा मोकळा असतो. दोन-दोन रुपयांनी आलेल्या पैशाला रकाना नसतो. त्यातून झेरॉक्स काढा, खाडा भरून द्या, मानधन द्या.

आता तुम्ही म्हणाल, मग सायकलच का? आनंद मेळावा भरवा, कुपनं विका. तेही करतो. पण सायकलची गोष्ट थोडी निराळी आहे.

आमच्याकडे येणाऱ्या बायकांना मी पहिल्या भेटीत ‘मारतो का?’ असं विचारत नाही. विचारते, ‘इथे कशा आलात?’ त्या उत्तरात सगळं येतं. ‘दळण टाकून आले.’ ‘पोराला शाळेत सोडायच्या निमित्ताने आले.’ ‘चपला लपवून ठेवतात, शेजारणीच्या घालून आले.’ हात उगारण्याच्या किती आधी बाईचं जाणं-येणं बंद केलेलं असतं! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, बाजार, दवाखाना आणि गावाबाहेरचं ठिकाण या तिन्ही जागी एकटीने जाऊ दिलं जातं असं सांगणाऱ्या बायका देशभरात ४२ टक्के होत्या. उरलेल्या ५८ टक्क्यांना यातल्या निदान एका ठिकाणी तरी कुणाला विचारल्याशिवाय किंवा सोबत घेतल्याशिवाय जाता येत नाही.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची हकिगत तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. पी. साईनाथ यांनी ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने मराठीत आलेल्या पुस्तकात ती सांगितली आहे. १९९१ च्या सुमाराला तिथे साक्षरतेची मोहीम चालू होती, शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. त्यांनी साक्षरतेच्या कार्यक्रमातच बायकांनी सायकल शिकणं आणलं. दगडखाणीतल्या मजूर बायका, शेतमजूर, अंगणवाडी सेविका, हजारोंनी शिकल्या. १९९२ च्या महिला दिनाला दीड हजारांवर बायका सायकलींना झेंडे लावून शहरात आल्या. मला त्यातली सगळ्यात आवडलेली बारीकशी गोष्ट म्हणजे अनेकींनी लेडीज सायकल नको म्हटलं. त्यांना पुरुषांची सायकल हवी होती, कारण तिच्या आडव्या दांड्यावर मूल बसवता येतं. पाणी आणायचं, माल बाजारात न्यायचा, मूल सोबत घ्यायचं, हे सगळं बसची वाट न बघता. फिरायला जायची हौस म्हणून नव्हे, रोजच्या कामाचे तास वाचावेत म्हणून.

आमच्या फेरीत एक बाई आहेत, वय अडतीस, भाजीच्या गाड्यावर बसतात. महापालिकेच्या मैदानावर रात्री साडेनऊनंतर सायकल शिकल्या. त्यांनाही दांड्याचीच सायकल हवी होती, पण भाजीच्या पिशव्या अडकवायला. रोज सकाळी त्यांच्या चाकातली हवा गेलेली असायची. पंक्चर नाही, व्हॉल्व्हच गायब. कोण नेतो हे त्यांना माहीत होतं. पंधरा दिवस त्यांनी काही बोलणं काढलं नाही. मग दुकानातून जादा व्हॉल्व्ह घेऊन बटव्यात ठेवायला लागल्या, आणि आम्ही केंद्रात हवेचा पंप आणून ठेवला. घरातून सायकल ढकलत आणायची, केंद्रात व्हॉल्व्ह बसवून हवा भरायची आणि जायचं. त्यांनी मंडईतून पाच-दहाच्या नाण्यांत देणगी गोळा केली. आमच्या सगळ्यात श्रीमंत सायकलवाल्याच्या देणगीपुढे ती काहीच नव्हती. पण त्यांच्यामुळे मंडईतल्या किमान साठ बायकांना आमच्या केंद्राचा पत्ता कळला, आणि त्यातल्या काहीजणी नंतर आल्या. त्या श्रीमंत सायकलवाल्याच्या ओळखीतून अजून कुणी आलेलं नाही. तिथे मारहाण होत नाही म्हणून येत नाहीत, असा समज करून घेऊ नका.

पण सायकलीचं कौतुक करताना एक सांगायलाच हवं. सायकल शिकते म्हणून मार खाल्लेल्या दोघी आमच्याकडे आहेत. त्यामुळे केंद्रात येणारी एखादी बाई फेरीत यायचं म्हणाली की आम्ही टाळ्या वाजवत नाही. तिच्यासोबत बसून विचारतो की घरी काय सांगणार, कळलं तर काय होईल, त्या रात्री झोपायला दुसरी जागा आहे का. एकजण जेजुरीला जाते सांगून आली होती. कापूरहोळला थांबलो तेव्हा तिने शोधून भंडारा विकत घेतला, घरी दाखवायला.

आता मूळ मुद्द्यावर येते. प्रायोजक.

बाईची सायकल आणि प्रायोजक ही जोडी जुनी आहे. १८९४ साली अमेरिकेत बॉस्टनहून ॲनी कोपचोव्स्की नावाची तीन मुलांची आई सायकलवर जगप्रवासाला निघाली. पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या एका कंपनीने तिला शंभर डॉलर दिले. त्या बदल्यात सायकलला कंपनीची पाटी लावायची, आणि स्वतःचं आडनाव बदलून कंपनीचं नाव घ्यायचं. म्हणून जग तिला ॲनी लंडनडेरी म्हणून ओळखतं. पुढे तिने अंगावरच्या कपड्यांवरसुद्धा जाहिराती लावल्या. मला ती बाई आवडते. तिने नवऱ्याचं आडनाव काढून कंपनीचं लावलं आणि निदान पैसे तरी वसूल केले. पण तिच्या फेरीत तिच्याशिवाय कुणाची अब्रू आणि कुणाचा जीव गुंतलेला नव्हता. आपल्या फेरीमागे केंद्राचं कपाट आहे, आणि त्या कपाटात बायकांच्या फायली आहेत.

जे सांगते त्यातले तपशील बदललेत. कृपा करून ओळखायचा प्रयत्न करू नका. एका व्यापाऱ्याचा निरोप आला. फेरीचा सगळा खर्च मी उचलतो, टी-शर्ट, केळी, पाणी, मागून येणारी ॲम्ब्युलन्स, आणि वर केंद्राला घसघशीत चेक. टी-शर्टवर दुकानाचं नाव एवढीच अट. चांगला माणूस म्हणून गावात नाव. आमच्यातल्या अनेकींना हायसं वाटलं. केंद्रात दोन समुपदेशिका आहेत. त्यांच्यापैकी एकीने निरोप वाचला आणि मला बाजूला घेतलं. त्या घरातली सून काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे येऊन गेली होती. आता ती माहेरी होती, वकिलांमार्फत कोर्टात अर्ज पडला होता आणि हे गृहस्थ त्या अर्जात सामनेवाले होते. सून आमच्याकडे येते हे सासरी माहीत नव्हतं. तिने ते कळू द्यायचं नाही असं बजावलं होतं.

त्या मुलीला आधी विचारलं, कारण हा निर्णय तिला वगळून घ्यायचा नव्हता. ती फोनवर हसली. म्हणाली, ‘घ्या की ताई. माझ्याच स्त्रीधनातले असतील.’

मग नाव न सांगता कार्यकारिणीत चर्चा झाली. अडचण कुठल्या घराची आहे ते न सांगता फक्त एवढंच सांगितलं की एका मोठ्या देणगीदाराच्या घरातली केस आपल्याकडे आहे. एकीचं म्हणणं, पैशाला जात नसते. त्याच्याच पैशाने त्याच्याविरुद्ध लढू. दुसरी म्हणाली, गुपचूप घेऊ, नाव कुठे लावायचं नाही. तेव्हा आमच्या समुपदेशिकेने एकच प्रश्न विचारला, ‘पावती कुणाच्या नावे फाडायची?’ देणगी घेतली की पावती द्यावी लागते. करसवलतीची असेल तर पॅनसकट. ती पावती उद्या त्याच्या वकिलाने कोर्टात काढली तर? ‘माझे अशील महिला अत्याचाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला मदत करतात, ते सुनेचा छळ कसा करतील?’ आणि समजा उद्या आमच्यापैकी कुणाला त्याच केसमध्ये साक्षीला उभं राहावं लागलं, तर?

नाही म्हणायचं ठरलं. यापर्यंत फार अवघड नव्हतं. अवघड होतं ते नाही कसं म्हणायचं. कारण सांगता येत नाही, कारण सांगितलं की मुलीचं नाव फुटलं. न सांगता फक्त त्यालाच नाही म्हटलं तरी तो हुशार माणूस आहे, दोन आणि दोन चार करेल. म्हणजे आपल्या तत्त्वनिष्ठेची किंमत तिने मोजायची.

दोन बैठका यावर गेल्या. शेवटी जे ठरलं ते सगळ्यांसाठी एकच ठरवलं. एका देणगीदाराकडून वर्षाला पाच हजारांपेक्षा जास्त घ्यायचं नाही. टी-शर्टवर, बॅनरवर कुणाचंही नाव नाही, अगदी आमच्या हितचिंतक डॉक्टरांचंसुद्धा नाही. आणि फॉर्मवर ठळक छापायचं की संस्था कोणतीही देणगी कारण न देता परत करू शकेल. हा नियम सगळ्यांना कळवला, त्यांनाही कळवला. ते रागावले. आणि आठ दिवसांनी त्यांचा पाच हजारांचा चेक आला!

तो आम्ही परत केला. पण एकटा नाही. त्याच टपालात अजून दोन परत गेले, एक दारूच्या दुकानाचा आणि एक नगरसेवकपदाच्या उमेदवाराचा. तिघांना एकाच मजकुराचं पत्र. ते दोन आम्ही तसेही घेतले नसते, पण एरवी चार दिवस चर्चा करून परत केले असते. या वेळी मुद्दाम एका दिवशी केले.

पहिल्या निरोपातली रक्कम घेतली असती तर दुसऱ्या समुपदेशिकेचं चार महिन्यांचं मानधन निघालं असतं. ‘पावती कुणाच्या नावे’ हा प्रश्न विचारणारी तीच. तिला त्या वर्षी मानधन तीन महिने उशिरा मिळालं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण अशा गोष्टी सांगताना आपण ‘आम्ही नकार दिला’ म्हणतो आणि किंमत कुणी मोजली ते सांगायचं राहून जातं.

तालुक्याच्या गावांतल्या गटांनी यावर जास्त विचार करावा. पुण्यात माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, ही आमची सोय आहे. तुमच्याकडे पतसंस्थेचे चेअरमन, डॉक्टर, वकील, शाळेचे संस्थाचालक, सगळे एकमेकांचे सोयरे. कुठलीही पाच नावं घ्या, त्यातल्या एकाच्या घरची फाईल तुमच्या कपाटात निघेल. त्यामुळे देणगीदारांची यादी पावती फाडण्याआधी समुपदेशिकेच्या नजरेखालून जायला हवी. उलट मात्र नाही! खजिनदाराने, अध्यक्षांनी, मीसुद्धा, फायलींचं रजिस्टर बघायचं नाही. समुपदेशिकेने यादीवर फक्त खूण करायची. ‘का?’ असं तिला कुणी विचारायचं नाही. आमच्याकडे खजिनदार बाईंना हे सुरुवातीला अपमानास्पद वाटलं. स्वाभाविक आहे. त्यांनी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, तिथे कारणाशिवाय काही परत जात नाही.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. विधवांनी इथे गुप्तपणे यावं आणि सुखरूप बाळंत होऊन जावं, असं त्यांनी जाहीर केलं होतं. आपण त्यांच्या शाळेबद्दल, अंगावर फेकलेल्या शेणाबद्दल नेहमी बोलतो. या गुप्ततेबद्दल कमी बोलतो. येणाऱ्या बाईचं नाव बाहेर जाणार नाही, या शब्दावरच ते घर चाललं. आपण त्यांच्या वाड्यापासून निघून त्यांच्या माहेरी पोचतो, तर तेवढं तरी पाळावं.

आता फोटोंचं. पहिल्या वर्षी एका वाहिनीच्या पत्रकाराने फुले वाड्यापाशी विचारलं, ‘यात पीडित महिला आहेत का? एखादीचा बाइट मिळेल का?’ मी म्हटलं, पाचव्या सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचं सांगितलंय. म्हणजे समोर उभ्या असलेल्या दहांतल्या तीन. तुम्ही ओळखा. त्यांना काही बाइट मिळाला नाही. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के आहेत, हेही त्याच सर्वेक्षणातलं. मदत मागायला आलेल्या मोजक्या बायकांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं तर बाकीच्या कशाला येतील? फेरीत आमच्याकडे नावाच्या पट्ट्या नसतात, नुसते नंबर असतात. आणि सगळ्या स्कार्फ बांधतात, कार्यकर्त्यासुद्धा. पुण्यात स्कार्फ बांधलेली बाई कुणाला नवीन नाही. फोटोत नुसते डोळे दिसतात. कोण केंद्रात येणारी आणि कोण प्राध्यापिका, कळायचं काम नाही. एक-दोन प्राध्यापिका थोड्या हिरमुसल्या.

पुरुष फेरीत घ्यायचे का, हा प्रश्न मला सगळीकडे विचारतात. आम्ही घेतो. सायकल क्लबवाल्यांकडे लाखाच्या सायकली असतात आणि देणगीही तेच जास्त आणतात. त्यांना एवढंच सांगतो की घाटात पुढे जाऊन टाळ्या वाजवत थांबायचं नाही, मागे राहायचं आणि पंक्चर काढायचं. बहुतेकांना ते आवडतं. त्याच सर्वेक्षणात ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी बायकोला मारण्याचं एखादं तरी कारण योग्य ठरवलं होतं. तेव्हा फक्त बायकांची फेरी काढली म्हणजे सगळे आपल्या बाजूचे, अशा समजात मी तरी नाही.

रस्त्याबद्दल दोन शब्द. पुणे-सातारा महामार्गावर ट्रक फार. पहाटे साडेपाचला निघा, वाहतूक पोलिसांना आधी लेखी कळवा, आणि शेवटच्या सायकलीच्या मागे स्वतःची गाडी ठेवा. ज्यांना एवढं अंतर झेपत नाही त्यांना आम्ही शिरवळपर्यंत टेम्पोने आणतो आणि तिथून पुढे सोबत घेतो. त्यांच्या देणगीदारांना तेवढ्याच किलोमीटरचे पैसे मागतो. एका देणगीदाराने पूर्ण अंतराचे दिले, तर त्या भाजीवाल्या बाईंनी वरचे परत नेऊन दिले. हिशेब म्हणजे हिशेब.

रोख देणगी दोन हजारांच्या वर असेल तर करसवलत मिळत नाही, हे फॉर्मवर लिहा, नाहीतर मार्चमध्ये लोक भांडायला येतात.

नमुना फॉर्म आणि परत पाठवायच्या पत्राचा मसुदा तिकडे टेबलावर ठेवला आहे. त्यावर आमच्या केंद्राचं नाव आहे ते खोडून तुमचं घाला. ज्यांना फेरी प्रत्यक्ष बघायची आहे त्यांनी जानेवारीत शनिवारी रात्रीच केंद्रात मुक्कामाला या. पांघरूण आपापलं आणा. शिलाई मशीन सरकवून जागा करून देऊ.